प्लास्टिकचा महाकाय यंत्रमानव : हस्तकला की खेळणे ?

शाळेच्या वार्षिक प्रदर्शनात हस्तकलेच्या मेजावर मातीच्या मूर्ती, करवंटीच्या वस्तू आणि कागदी आकाशकंदील यांच्या शेजारी अलीकडे एक नवा पाहुणा येऊन बसतो. तो म्हणजे प्लास्टिकच्या तुकड्यांतून जोडलेला जपानी यंत्रमानव. त्याच्याभोवती मुलांची गर्दी होते, परंतु परीक्षक मात्र बुचकळ्यात पडतात. याला गुण द्यावेत तरी कशाचे? तुकडे कारखान्यात घडले, रंगही तेथेच मिळाला, जोडण्याची रीत पुस्तिकेत छापून आली. मग मुलाने केले काय, असा आक्षेप अनेक पालक आणि आमचे काही सहकारी घेतात. आक्षेप वजनदार आहे. तो हसण्यावारी नेणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

या यंत्रमानवांत सर्वांत प्रसिद्ध तो ‘गंडम’. योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेली त्याची चित्रमालिका जपानी दूरदर्शनवर १९७९ च्या एप्रिलात सुरू झाली आणि पुरेसे प्रेक्षक न लाभल्यामुळे ४३ भागांतच आटोपती घ्यावी लागली. गंमत अशी की, मालिका संपल्यानंतर, १९८० च्या जुलैत, बांदाई या कंपनीने तिची पहिली प्रतिकृती ३०० येनांना विक्रीस आणली आणि त्या प्रतिकृतींनीच गंडमचे नाव घरोघर पोहोचविले. त्या संचात बहुतेक तुकडे पांढरेच असत. ते चिकटवायचे, सांधे घासायचे, रंगवायचे, हे सारे मुलांनी करायचे. पुढे तुकडे चिकटद्रव्यावाचून एकमेकांत बसू लागले. १९९० च्या ‘हाय ग्रेड’ मालिकेत तर एकाच चौकटीत निरनिराळ्या रंगांचे तुकडे येऊ लागले. २०२० साली आलेल्या ‘एंट्री ग्रेड’ गंडमचे तुकडे नुसत्या बोटांनी मोडून काढता येतात. म्हणजे कारखान्याने सोयीसोयीने हाताचे काम कमी करीत आणले, हे खरेच आहे. म्हणूनच परीक्षकाने शोधावयाचे ते हेच की, कारखान्याने हातासाठी शिल्लक काय ठेवले.

आमच्या मते पुष्कळ ठेवले आहे. परंतु ते समोरून दिसत नाही.

साच्यातून निघालेला प्रत्येक तुकडा एका बारीक देठाने चौकटीला जोडलेला असतो. पुस्तिका तुकड्याचा क्रमांक सांगते. तो कसा कापावा हे हातालाच शिकावे लागते. उतावळा मुलगा देठ मुळापाशीच कचकन तोडतो. प्लास्टिकवर ताण येऊन तेथे पांढरा डाग उमटतो, किंवा तुकड्याचाच टवका निघतो. समजदार मुलगा प्रथम देठ लांबवर कापतो, मग उरलेला खुंट धारदार कातरीने हलकेच उतरवितो, आणि शेवटी काचकागदाने, आधी भरड व मग बारीक अशा क्रमाने, ती जागा घाशीत नेतो. पांढऱ्या तुकड्यावर ही खूण लपते; गडद निळ्यावर ती चुगली करते. तेव्हा परीक्षकाने पाहावयाचे ते गडद तुकडे. दंडाच्या दोन अर्धुकांमधील सांधारेषा घासून बुजविली आहे काय, तेही पाहावे. कित्येक मुले चिलखतावरील खाचांत पातळ शाई सोडून रेषा उठावदार करतात. काम सुरेख दिसते. मात्र काही द्रावणे विशिष्ट प्लास्टिकात झिरपून सांधे तडकवितात. ज्याने आधी टाकाऊ तुकड्यावर थेंब टाकून पाहिला, त्याच्या सावधपणाला गुण का देऊ नयेत?

उभे राहण्याची गोष्ट याहून मोठी आहे. कथेतील गंडम १८ मीटर उंच. १/१४४ प्रमाणातील प्रतिकृती साडेबारा सेंटिमीटरांची. एका पायावर झेपावण्याच्या पवित्र्यात तिला उभी करावयाची तर घोटा, गुडघा आणि कंबर यांचा तोल साधावा लागतो. सांधा सैल असेल तर ती मेजावर लोळण घेते. येथे गणिताच्या तासाला बोलावणे धाडावे असे आम्हांस वाटते. हीच प्रतिकृती, याच प्लास्टिकची, १४४ पट उंच केली, तर घोट्याचा छेद २०,७३६ पट होईल, परंतु वजन २९,८५,९८४ पट होईल. म्हणजे घोट्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १४४ पट भार! योकोहामा येथे डिसेंबर २०२० ते मार्च २०२४ या काळात १८ मीटरांचा हलणारा गंडम उभा होता. त्याला पाठीमागून कमरेपाशी आधार दिलेला होता. ज्या मुलाने लहानग्या घोट्याशी झटापट केली आहे, त्याला त्या आधाराचे मर्म समजावून सांगावे लागत नाही.

आता ‘विकतचे’ या शब्दाविषयी. आमच्या गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांवर नरकासुर उभे राहतात. त्यांच्या स्पर्धा भरतात, बक्षिसे लागतात. अलीकडे कित्येक ठिकाणी मुखवटा बाजारातून येतो. तरीही सांगाडा बांधणारी, गवत भरणारी, कागद चिकटवता चिकटवता रात्री जागविणारी मुले तो नरकासुर आपलाच म्हणतात, आणि कोणी त्यांना हटकत नाही. तोही महाकाय, हाही महाकाय. मग एकाला मान आणि दुसऱ्याकडे तुच्छतेने पाहणे, हा न्याय आम्हांस कळत नाही. मात्र उलट बाजूनेही अन्याय नको. गोळ्यातून गणपती घडविणाऱ्या मुलापुढे मातीखेरीज काहीच नसते. बोटांचा दाब किती, सोंडेचे वळण कोठे, हे सारे त्यालाच ठरवावे लागते. त्याची मूर्ती आणि संचातून जोडलेला यंत्रमानव एकाच रांगेत ठेवून तुलना करणे अनुचित होय. दोहोंची मेजे वेगळी हवीत.

किमतीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. परदेशी संच महाग पडतात. मोठ्या खोक्यातील भपकेबाज यंत्रमानव जिंकतो आणि लहानसा मागे पडतो, असे झाले तर आपण बक्षीस मुलाला नव्हे, त्याच्या वडिलांच्या पाकिटाला देत आहोत. म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक प्रतिकृतीशेजारी तिची रिकामी चौकट आणि पुस्तिका ठेवणे सक्तीचे करावे. चौकटीवरील खुंट पाहिले की, मुलाने घाईने तोडले की जपून कापले, हे तत्काळ उमगते. पुस्तिकेतील चित्राशी ताडून पाहिले की, मुलाने स्वतःचे काय घातले, रंग बदलला की सांधा सुधारला, तेही कळते. खोके मात्र घरीच ठेवावे.

आणखी एक गोष्ट. परीक्षकांनी प्रतिकृती हातात घ्यावी, उलटी करून तळवे पाहावेत, काखेत डोकावावे, आणि मुलाला एक हात सुटा करून पुन्हा बसविण्यास सांगावे. ज्याने स्वतः जोडली त्याला हे अर्ध्या मिनिटाचे काम; दादाने किंवा मामाने जोडून दिलेली असेल, तर तो प्रथम मामाकडे पाहतो. येत्या प्रदर्शनापूर्वी हस्तकला समितीची बैठक होईल, तेव्हा हा प्रस्ताव आम्ही मांडणारच आहोत. पालकांपैकी ज्यांना तो मान्य नसेल, त्यांनी आपले म्हणणे लेखी द्यावे. बैठकीत ते वाचून दाखविले जाईल. विज्ञानाच्या प्रयोगशाळेतील भिंग परीक्षकांना एका दिवसापुरते उसने मिळावे, एवढी व्यवस्था तेवढी आधीच करून ठेविली आहे.