क्षमता कुणाची बांधायची?

गेल्या पावसाळ्यात मी ‘संघर्षनिवारण आणि शांतता’ या विषयावरच्या तीन दिवसांच्या क्षमताबांधणी शिबिराला जाऊन आले. प्रशिक्षक बाई बोलायला गोड. त्यांनी आम्हांला मोठ्या कागदावर झाड काढायला लावलं. मुळं म्हणजे संघर्षाची कारणं, फांद्या म्हणजे परिणाम. माझ्या शेजारी भिवंडीची एक मैत्रीण बसली होती. 1984 च्या दंगलीत तिचं घर जळलं. पुढे सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या, तेव्हा गल्लीतल्या बायकांना गोळा करून बैठकांना नेणारी ती. 1992-93 मध्ये मुंबई पेटली, भिवंडी पेटली नाही. तर या बाईने निमूटपणे झाड काढलं, हौसेने हिरवी पानंही काढली. तिसऱ्या दिवशी तिला प्रमाणपत्र मिळालं. त्यावर लिहिलं होतं, ‘पायाभूत पातळी’.

मैत्रिणींनो, तेव्हापासून ‘क्षमताबांधणी’ हा शब्द मला चपलेतल्या खड्यासारखा टोचतो आहे. बांधणी कशाची करतात? जे नाही त्याची. म्हणजे आधी आम्हांला रिकामं ठरवायचं, मग भरायला यायचं.

हे आपल्याकडचंच नाही. युद्धात होरपळलेल्या देशांत शांतता ‘उभारायला’ जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणांचा सगळा कारभार याच शब्दावर चालतो. लायबेरियाचं उदाहरण घ्या. पश्चिम आफ्रिकेतल्या या छोट्या देशात 1989 ते 2003 या काळात दोन यादवी युद्धं झाली. सुमारे अडीच लाख माणसं मेली. 2003 साली राजधानी मन्रोव्हियात, मासळीबाजाराजवळच्या मैदानावर, पांढरे कपडे घातलेल्या बायका येऊन बसल्या. ख्रिस्ती आणि मुसलमान, एकत्र. अध्यक्ष चार्ल्स टेलर यांच्या गाड्यांचा ताफा त्याच रस्त्याने जायचा. ऊन असो, पाऊस असो, रोज बसायच्या. मागणी एकच, लढाई थांबवा. एप्रिलमध्ये टेलर यांना त्यांची भेट घ्यावी लागली.

जूनमध्ये घानात वाटाघाटी सुरू झाल्या. बंदूकवाल्या गटांचे पुढारी चांगल्या हॉटेलात राहून खातेवाटप करत होते आणि इकडे मन्रोव्हियावर तोफगोळे पडत होते. जुलैत लेमा बोवी आणि तिच्या सोबतिणी सभागृहाच्या दारात हातात हात अडकवून बसल्या. तोडगा निघेपर्यंत आतला पुरुष बाहेर येणार नाही. रक्षक अटक करायला आले, तेव्हा बोवी अंगावरचे कपडे उतरवू लागली. त्या मुलखात आईच्या वयाच्या बाईने असं करणं हा मोठा शाप समजतात. मध्यस्थ जनरल अबुबकर यांना स्वतः बाहेर येऊन बायकांचं ऐकून घ्यावं लागलं. 18 ऑगस्टला करार झाला.

इथे कुणी म्हणेल, बोवीनेही प्रशिक्षण घेतलंच होतं की. घेतलं होतं. चर्चच्या कामात मनाने मोडलेल्या माणसांना सावरायचं कसं ते ती शिकली, पश्चिम आफ्रिकेतल्याच शांतता संघटनांकडून खूप काही शिकली. शिकण्याला माझा विरोध नाही, आपण सगळ्या जन्मभर शिकतोच. पण काय शिकायचं आणि कशासाठी, हे तिने ठरवलं.

आणि मग संयुक्त राष्ट्रं आली. सुरक्षा परिषदेने पंधरा हजारांपर्यंत सैन्याची मोहीम मंजूर केली. 7 डिसेंबर 2003 ला मन्रोव्हियाजवळच्या छावणीत शस्त्रं जमा करायला सुरुवात झाली. बायकांनी मदत देऊ केली होती. यातल्या कितीतरी पोरांना त्या नावानिशी ओळखत होत्या. पण हे तज्ज्ञांचं काम होतं ना! छावणीची तयारी मूठभर लोकांपुरती आणि बंदूकधारी पोरं आली हजारोंनी. पैशांवरून गोंधळ झाला, शहरात गोळीबार, लूटमार झाली, माणसं मेली, सगळा कार्यक्रम थांबवावा लागला. तो पुन्हा सुरू झाला एप्रिल 2004 मध्ये. मधल्या काळात पोरांना समजावायला, शांत करायला कोण पुढे आलं? त्याच बायका. आता मला सांगा, क्षमता कुणाची बांधायला हवी होती?

शेजारच्या सिएरा लिओनमधली तऱ्हा तर आणखी भारी. तिथे लढवय्या कोण, हे ओळखायची खूण काय, तर बंदूक आणून द्या, खोलून दाखवा. पळवून नेलेल्या, सैनिकांची ‘बायको’ केलेल्या, स्वयंपाक करणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या मुलींच्या हाती बंदूक कुठून असणार? नोंद झालेल्या 70 हजारांवर माणसांत बायका पाच हजारही नव्हत्या. असं का झालं, यावर पुढे अहवाल निघाले. अहवाल चांगले निघतात.

सेव्हरीन ओतसेर नावाची एक संशोधक आहे. काँगोसारख्या देशांत तिने स्वतः शांततेच्या मोहिमांत काम केलं, मग त्याच मोहिमांचा अभ्यास केला. 2014 च्या ‘पीसलँड’ पुस्तकात ती या मंडळींच्या रोजच्या सवयी पाहते. कुंपणाआड राहणं, आपल्यातच जेवणं, दर दोन-तीन वर्षांनी देश बदलणं, स्थानिक भाषेपेक्षा ‘विषयतज्ज्ञते’ला भाव देणं, आणि गावापेक्षा वरच्या कचेरीला हिशेब देणं. वाचताना मला आमच्याकडच्या किती जीपगाड्या आठवल्या! तिचं म्हणणं असं, की तिथल्या माणसांना काय येतं ते आधी पाहा. मला हे पटतं.

पण एका ठिकाणी मी अडते. ‘स्थानिक’ म्हणजे कोण? बायकांसाठी हा शब्द भोळा नाही. जातपंचायतही स्थानिकच असते. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 साली कायदा करावा लागला तो याच स्थानिकांमुळे. नागालँड पाहा. नागा मदर्स असोसिएशनच्या बाया 1984 पासून काम करताहेत, हत्यारी गटांशी बोलायला त्या जंगलात गेल्या, रक्तपात थांबवा म्हणाल्या. सगळ्यांनी ‘माता’ म्हणून त्यांची आरती ओवाळली. आणि नगरपालिकांत 33 टक्के जागा मागितल्या तेव्हा? 2017 च्या सुरुवातीला परंपरेच्या नावाने आंदोलन पेटलं, कोहिमात सरकारी कचेऱ्या जळल्या, मुख्यमंत्र्यांना जावं लागलं. राखीव जागांसह निवडणूक झाली ती जून 2024 मध्ये. शांततेसाठी माता चालते, नळाच्या आणि गटाराच्या ठरावावर सही करायला बाई चालत नाही.

म्हणून बाहेरच्यांना हाकला आणि सगळं गावावर सोपवा, असं मी म्हणणार नाही. त्या गावात मी राहिले आहे. बाहेरून येणाऱ्यांनी जरूर यावं. पण पैसा तीन महिन्यांच्या उद्दिष्टांचा नको, दहा वर्षांचा द्या. वाटाघाटीच्या टेबलाशी खुर्ची द्या, दारातली जागा आम्ही घेतोच. शस्त्रं जमा करायच्या योजनेचा पहिला खर्डा बायकांसमोर ठेवा, शेवटचा नको. बायकांच्या सहभागाविषयीचा ठराव क्रमांक 1325 सुरक्षा परिषदेने ऑक्टोबर 2000 मध्येच केला आहे. लायबेरियाच्या बायका दाराशी बसल्या त्या त्यानंतर जवळजवळ तीन वर्षांनी.

आमच्या संघटनेकडे त्याच शिबिराच्या दुसऱ्या टप्प्याचा फॉर्म आला आहे. ‘आपल्याला कोणत्या क्षमतांची गरज वाटते?’ असा रकाना आहे. भिवंडीच्या मैत्रिणीला विचारून आम्ही लिहिलं : एक दिवसाचं शिबिर, शिकवणार आम्ही. पोलीस निरीक्षक, तहसीलदार आणि निधी देणाऱ्या संस्थेचे अधिकारी यांनी सकाळी दहाला यावं. झाड काढायचे कागद आणू नयेत. उत्तराची वाट पाहतो आहोत.