एक भाषा, बावीस दारे

रमजानात इफ्तारच्या दस्तरखानावर मित्रमंडळी, शेजारीपाजारी एकत्र बसले की एक प्रश्न हमखास निघतो. अरबांकडे एवढा पैसा आहे, धर्म एक, भाषा एक. मग येमेनमध्ये, सुदानमध्ये माणसे उपाशी का? हिंदू मित्र तो कुतूहलाने विचारतात, मुसलमान जरा खंतावून. मग कुणी म्हणते शेख लोक स्वार्थी, कुणी म्हणते अमेरिकेने सगळे बिघडवले. दोन्हींत तथ्य आहे, पण तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. खरे उत्तर जरा रूक्ष आहे. ते करारांत, सीमेवरच्या नाक्यांत आणि व्हिसाच्या शिक्क्यात दडले आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. अरबांनी एकत्र यायचा प्रयत्नच केला नाही, असे नाही. 22 मार्च 1945 रोजी कैरोत सहा देशांनी अरब लीगची स्थापना केली. तेव्हा युरोपात महायुद्ध अजून संपले नव्हते. तिथल्या सहा देशांचा कोळसा आणि पोलादाचा करार व्हायला 1951 उजाडले. आज अरब लीगमध्ये बावीस देश आहेत. आर्थिक सहकार्याचा करार 1950 मध्ये झाला, सामाईक बाजारपेठेचा ठराव 1964 मध्ये. युरोपात त्या पायावर इमारत उभी राहिली. इकडे पायाभरणीचेच समारंभ होत राहिले.

मराठीत जकात म्हणजे नाक्यावरचा कर. आमच्या घरांत जकात म्हणजे वर्षभराच्या शिलकीतला गरिबांचा अडीच टक्के हिस्सा. शब्द एकच, अरबीतून आलेला. अरब सरकारांनी आपापसात यातली पहिली जकात जास्त निष्ठेने पाळली, असे म्हणावेसे वाटते. मुक्त व्यापाराचा करार 1998 पासून लागू झाला आणि 2005 पासून बहुतेक मालावरचे आयातशुल्क कागदावर शून्यही झाले. पण शुल्क गेले तरी नाके राहिले. परवाने, तपासण्या, शिक्के, शिवाय कित्येक सीमांवर एका देशाच्या ट्रकमधला माल उतरवून दुसऱ्या देशाच्या ट्रकमध्ये भरण्याची सक्ती. भाजीपाला तेवढ्या वेळात सडतो. अरब देशांच्या एकूण परदेश व्यापारात आपापसातला हिस्सा दहा टक्क्यांच्या आसपास घुटमळतो. युरोपीय संघात तो निम्म्याहून जास्त आहे. अल्जीरिया आणि मोरोक्को यांची जमिनीवरची सीमा तर 1994 पासून बंद आहे. अलीकडच्या आणि पलीकडच्या गावांत सोयरिकी आहेत, पण लग्नाला जायचे तर विमानाने वळसा घालून जावे लागते.

आखातात कधीकाळी एक सामाईक चलन होते आणि ते आपले होते. रिझर्व्ह बँकेने खास छापलेला आखाती रुपया 1960च्या दशकात तिकडच्या बाजारांत चालत असे. पुढे आखाती सहकार्य परिषदेच्या सहा श्रीमंत देशांनी स्वतःचे एक चलन काढायचे ठरवले. 2009 मध्ये त्याची मध्यवर्ती बँक रियाधला ठेवायचा निर्णय झाला आणि संयुक्त अरब अमिराती त्यातून बाहेर पडली. चलन आजतागायत आलेले नाही.

म्हणजे पैसा देण्याची दानतच नाही का? तसेही नाही. कुवेत 1961 च्या जूनमध्ये स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याने इतर अरब देशांना विकासासाठी कर्जे देणारा निधी स्थापन केला. स्वतःचे घर नीट लागायच्या आत शेजाऱ्याच्या घराला हातभार लावणारे असे उदाहरण सहज सापडणार नाही. नंतर सगळ्या अरब देशांचा मिळून आर्थिक व सामाजिक विकास निधी उभा राहिला, त्याचेही मुख्यालय कुवेतमध्येच. रस्ते, धरणे, वीजवाहिन्या यांत या निधींचा पैसा आहे. त्यांचे श्रेय काढून घेणे अन्यायाचे होईल.

मग घोडे अडते कुठे? त्यासाठी सुदानची गोष्ट पाहावी लागते.

1973 नंतर तेलाचे भाव चौपट झाले आणि आखातात पैशाचा पूर आला. त्याच वेळी धान्यही महागले. आपले पोट परक्यांच्या हाती आहे, ही जाणीव अरब राज्यकर्त्यांना तेव्हा झाली. नकाशावर बोट ठेवायला वेळ लागला नाही. सुदानमध्ये दोन नाईल नद्यांचे पाणी होते, अफाट काळी जमीन होती. गेझिरात 1925 पासून कालव्यांवर वीस लाख एकरांच्या आसपासची शेती उभी होती. आखाताचा पैसा, सुदानची जमीन आणि इजिप्तचे इंजिनिअर असा तो हिशेब होता. सुदानला अरब जगाचे धान्याचे कोठार म्हटले जाऊ लागले. अरब निधीने 1976 मध्ये दहा वर्षांची योजना आखली. त्याच वर्षी शेतीत गुंतवणूक करणारी संयुक्त अरब संस्था खार्टुममध्ये स्थापन झाली. कुवेत आणि सौदीच्या भागीदारीतला केनाना साखर कारखाना पांढऱ्या नाईलच्या काठी उभा राहिला. खर्च अंदाजपत्रकाच्या कितीतरी पट वाढला, तरी कारखाना चालला.

बाकी स्वप्न मात्र विरले. माल बंदरापर्यंत न्यायला धड रस्ते नव्हते, रेल्वे जुनाट होती, देश कर्जात बुडाला, 1983 मध्ये दक्षिणेत पुन्हा यादवी पेटली आणि तेलाचे भाव पडल्यावर आखाताचाही उत्साह ओसरला. ही कारणे सगळे सांगतात. एक कारण कमी सांगितले जाते. पावसाच्या भरवशावरच्या मोकळ्या जमिनी ट्रॅक्टरवाल्या मोठ्या कंत्राटदारांना वाटल्या गेल्या. तिथे पिढ्यानपिढ्या कसणारा छोटा शेतकरी आणि गुरे चारणारा धनगर हुसकला गेला, कारण त्याच्याकडे सातबारासारखा कागद नव्हता. योजना कुवेत आणि खार्टुमच्या कचेऱ्यांत ठरली. ज्याच्या शेतावर ती उतरणार होती त्याला कुणी विचारले नाही. 1984-85 मध्ये याच धान्याच्या कोठारात, दारफुर आणि कोर्दोफानमध्ये, भीषण दुष्काळ पडला.

पैसा सीमा ओलांडतो, माणसाला ओलांडता येत नाही, हीच या सहकार्याची गोम आहे असे मला वाटते. कोकणातल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांचा संसार इकामा आणि कफील या दोन शब्दांवर चालला आहे. सहा आखाती देशांचे नागरिक एकमेकांच्या देशात ओळखपत्रावर जातात. पण आपल्या माणसाला लागतो तसाच कफील कैरोच्या डॉक्टरला आणि अम्मानच्या शिक्षकालाही लागतो. अरबी मातृभाषा असून लागतो. आणि राज्यकर्त्यांचे बिनसले की किंमत हाच माणूस मोजतो. 1990 मध्ये इराकने कुवेत गिळला. येमेनच्या सरकारने सौदीच्या मनासारखी भूमिका घेतली नाही, म्हणून सौदीतल्या येमेनी कामगारांच्या सवलती काढून घेण्यात आल्या आणि सात-आठ लाख माणसांना परतावे लागले. त्यांनी तर कुणावर स्वारी केली नव्हती. येमेनची अर्थव्यवस्था त्या धक्क्यातून सावरलीच नाही.

याच्या उलट एक उदाहरण आहे आणि तेही रमजानातले. जून 2017 मध्ये, ऐन रोजांच्या दिवसांत, सौदी, अमिराती, बहरीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले. जमिनीवरची एकमेव सीमा बंद झाली, दोहातल्या दुकानांत दूध-कोंबडीसाठी झुंबड उडाली, लग्नाने जोडलेली कुटुंबे दोन देशांत तुटली. ही नाकेबंदी साडेतीन वर्षे टिकली. पण कतारमधून समुद्राखालून अमिरातीत जाणारी गॅसची वाहिनी एक दिवसही बंद झाली नाही. ना कतारने चावी फिरवली, ना अमिरातीने गॅस नाकारला. टीव्हीवर शिव्या चालू होत्या आणि दुबईचे दिवे कतारच्या गॅसवर जळत होते. बंधुभावाच्या भाषणांपेक्षा त्या नळीने सहकार्य जास्त सांभाळले. अशा कामांत बाहेरचे अडथळेही येतात, हे मान्य केले पाहिजे. इजिप्तचा गॅस जॉर्डन-सीरियामार्गे अंधारलेल्या लेबनॉनला द्यायचा करार 2022 मध्ये झाला, वाहिनीही होती. पण अमेरिकेच्या निर्बंधांची टांगती तलवार आणि जागतिक बँकेचे अडलेले कर्ज यांत तो रुतला.

विकासासाठी खास शिखर परिषदा भरवायला अरब लीगने 2009 मध्ये कुवेतपासून सुरुवात केली. छोट्या उद्योगांसाठी 2 अब्ज डॉलरच्या निधीची कल्पना तिथे मांडली गेली आणि कुवेतने त्यातले 50 कोटी स्वतः देऊ केले. कल्पना उत्तम होती. दुसरी परिषद 19 जानेवारी 2011 रोजी इजिप्तमध्ये शर्म अल-शेखच्या समुद्रकिनारी झाली, विषय बेरोजगारी आणि गरिबी. यजमान होते होस्नी मुबारक. पाचच दिवसांपूर्वी ट्युनिशियाचे अध्यक्ष देश सोडून पळाले होते, कारण सिदी बूझिदच्या एका भाजीवाल्याची हातगाडी जप्त झाली आणि त्याने स्वतःला पेटवून घेतले. परिषद आटोपल्यावर सहाव्या दिवशी कैरोच्या तहरीर चौकात माणसे उतरली. त्या हातगाडीवाल्याला दोन अब्जांतले काय मिळायचे होते, हे परिषदेत कुणी विचारले असते तर बरे झाले असते.

सुदान आणि इजिप्त यांनी 2004 मध्ये एक चांगला करार केला होता. एकमेकांच्या देशात ये-जा, राहणे, काम आणि मालमत्ता, अशी चार स्वातंत्र्ये त्यात दिली होती. एप्रिल 2023 मध्ये, ईदला आठवडा उरला असताना, खार्टुममध्ये दोन सेनापतींची लढाई सुरू झाली. आज एक कोटीहून अधिक लोक विस्थापित आहेत, दारफुरच्या झमझम छावणीत 2024 मध्ये दुष्काळ जाहीर झाला आणि गेझिराच्या कालव्यांवरूनही शेतकरी पळाले. इजिप्तने लाखो सुदानींना आसरा दिला, हे खरे. पण जून 2023 मध्ये त्याने प्रत्येक सुदानीला, आतापर्यंत सूट असलेल्या बायका, मुले आणि म्हाताऱ्यांनाही, व्हिसा सक्तीचा केला. वादी हाल्फा या सीमेवरच्या गावात माणसे शाळांच्या ओसरीवर, मशिदींत, रस्त्याकडेला आठवडेच्या आठवडे त्या शिक्क्याची वाट पाहत बसली. चार स्वातंत्र्यांचा करार तेव्हाही रद्द झालेला नव्हता.