सुट्टीतले किंग

जानेवारीचा तिसरा सोमवार आला की अमेरिकेत राहणारा माझा भाचा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मार्टिन ल्यूथर किंग यांचा फोटो टाकतो. खाली लिहितो, 'आज सुट्टी, मामू!' फोटो दरवेळी तोच, 1963 च्या वॉशिंग्टनमधल्या स्वप्नाच्या भाषणाचा.

भाच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या सुट्टीने किंग यांना 1963 मध्येच थांबवून ठेवलं, ही तक्रार आहे.

त्यानंतर ते पाच वर्षं जगले. 1966 च्या गॅलप पाहणीत 63 टक्के अमेरिकनांचं त्यांच्याबद्दल वाईट मत होतं. एप्रिल 1967 मध्ये ते व्हिएतनाम युद्धाविरुद्ध बोलले, तेव्हा मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी त्यांना झोडपलं. त्याच महिन्यात मुहम्मद अलींनी आपल्या धर्माचा हवाला देऊन सैन्यात जायला नकार दिला. किंग ख्रिस्ती पाद्री, अली 'नेशन ऑफ इस्लाम'चे. वाटा वेगळ्या, तरी किंग जाहीरपणे अलींच्या बाजूने बोलले. हे आपल्या किती घरांत माहीत आहे?

फेब्रुवारी 1968 मध्ये मेम्फिसला पावसापासून वाचायला कचऱ्याच्या गाडीत शिरलेले दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार तिच्या यंत्रात चिरडले गेले. सुमारे 1300 कामगार संपावर गेले. पुढे त्यांच्या हातातल्या फलकांवर एवढंच होतं: मी माणूस आहे. त्यांच्यासाठी किंग तिथे गेले आणि 4 एप्रिलला गोळीला बळी पडले.

चारच दिवसांनी जॉन कॉन्यर्स यांनी सुट्टीचं विधेयक मांडलं. ते मंजूर व्हायला 15 वर्षं लागली. पहिली सुट्टी 1986 ची. अलाबामा आणि मिसिसिपीत आजही त्याच दिवशी जनरल ली यांचीही जयंती पाळतात. हे ली गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेचे सेनापती!

आपल्याकडे मुसलमान पोरांनी मोर्चा काढला की कुणीतरी शहाणा सांगतो, किंग यांच्यासारखं करा, शांततेनं, कुणाची गैरसोय न करता. शांततेनं, कबूल. पण गैरसोय न करणारे किंग होते कधी? माँटगोमेरीत बसवरचा बहिष्कार 381 दिवस चालला. बस कंपनीला विचारा.

यंदा मी ग्रुपवर मेम्फिसच्या फलकांचा फोटो टाकला. भाच्याने विचारलं, 'मामू, ये कौन लोग हैं?'

उत्तर लिहायला बसलो, ते हे एवढं झालं.