सूर्याकडे पाठ करा

हरिहरेश्वरच्या सूर्यास्ताचे छायाचित्र मराठी वाचकाला वर्णन करून सांगावे लागत नाही. वर केशरी आभाळ, मध्ये पाण्यावर पसरलेली सोनेरी पट्टी आणि खाली काळ्या रंगाचा एक दातेरी आकार. हा काळा आकार म्हणजे खडक. छायाचित्रात त्याला एवढेच काम असते, की आभाळाला चौकट पुरवावी. आमचा आक्षेप नेमका इथे आहे. श्रीवर्धन तालुक्यातल्या त्या किनाऱ्यावर जे पाहायला जावे, तेच या छायाचित्रातून पुसून टाकलेले असते. आणि या पुसण्यालाच सौंदर्यदृष्टी म्हणण्याचा प्रघात पडला आहे.

सुझन सोंटॅग यांनी ‘ऑन फोटोग्राफी’ (१९७७) या पुस्तकात म्हटले होते, की अतिपरिचित छायाचित्रांमुळे सूर्यास्तच आता बेगडी वाटू लागला आहे. आमच्या वर्गांतून हे मत वारंवार उद्धृत होते आणि चर्चा तिथेच थांबते. आमची तक्रार वेगळी आहे. सूर्यास्त पाहून पाहून शिळा झाला असेल. खडक मात्र आपण अजून पाहायलाच घेतलेला नाही.

काय पाहायचे राहिले, ते सांगितले पाहिजे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हाचे थरावर थर साचले. झीज होऊन उरलेले त्यांचे क्षेत्र आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. अजिंठा, वेरूळ आणि घारापुरीची लेणी याच खडकात कोरलेली आहेत. हरिहरेश्वरला समुद्राने हा खडक पायथ्याशी कापून सपाट ओटा तयार केला आहे. त्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते. अशा नक्षीत मिठाचा वाटा मोठा असतो. खाऱ्या पाण्याचे तुषार खडकाच्या बारीक छिद्रांत शिरतात, पाणी उडून जाते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि कण कण उचकटून काढतात. ही झीज आजही चालू आहे. सहा कोटी वर्षांची घटना आणि आज दुपारची घटना एकाच पृष्ठभागावर वाचता येते, असे ठिकाण आपल्या हाताशी आहे. आणि आपण त्याची छायाकृती करतो.

छायाकृती का होते, याचे कारण साधे आहे. कॅमेरा सूर्याकडे रोखला, की तेजस्वी आभाळ आणि अंधारी शिळा यांतला फरक सेन्सरला एका वेळी पेलत नाही. आभाळ सांभाळले, की दगड काळा पडतो. पूर्वी ही तंत्राची अडचण होती. आजचे मोबाइल लागोपाठच्या अनेक प्रतिमा एकत्र करून सावलीतला तपशील उजळतात. तरीही लोक नंतर फिल्टर लावून तो पुन्हा काळा करतात. म्हणजे ही अडचण नसून आवड आहे.

हीच आवड आमच्या विद्यार्थ्यांच्या निबंधांत उतरते, आणि पुष्कळ छापील ललित लेखनातही. मावळत्या सूर्याला तांबूस, केशरी, सोनेरी, रक्तवर्णी अशी विशेषणांची रांग. खडकाला एकच, काळाकभिन्न. वास्तविक मराठीत कातळ आहे, शिळा आहे, पाषाण, धोंडा, गोटा, जांभा, काळवत्री आहे. विश्वकोशाच्या परिभाषेत असिताश्मही आहे. यातला कोणता शब्द कुठे वापरावा, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यालाही सांगता येत नाही. दगड आपल्या भाषेत शिवी म्हणून उरला आहे. ‘दगडाला पाझर फुटणे’ हा वाक्प्रचार आपण अशक्यप्राय गोष्टीसाठी वापरतो. प्रत्यक्षात महाराष्ट्रातल्या असंख्य विहिरी याच दगडाच्या भेगांतून पाझरणाऱ्या पाण्यावर जगतात. ज्या खडकाचे पाणी आपण पितो, त्याला भाषेत निर्दयतेचे प्रतीक करून ठेवायचे आणि चित्रात काळा डाग, ही आपली निसर्गसंवेदना.

या आंधळेपणाची किंमत केवळ वाङ्मयीन नाही. देवळामागची प्रदक्षिणेची वाट खडकांवरून जाते आणि भरतीला ती पाण्याखाली जाते. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला सुमारे तीन, अष्टमीला सहा. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या संध्याकाळी सहाच्या सुमारास ओहोटी असते, ओटा मोकळा असतो. अष्टमीला त्याच वेळी पूर्ण भरती, आणि दशमीच्या आसपास मावळतीला पाणी चढत असते. पंचांग न पाहता, नजर क्षितिजावर आणि पाय शेवाळावर ठेवून उभा राहणारा हौशी छायाचित्रकार खडकाला ओळखत नाही, म्हणूनच तो धोक्यात असतो. खडकाकडे पाहणाऱ्याला भरतीची रेषा त्याच्यावरच दिसते.

यावर उत्तर ठरलेले आहे: छायाचित्र म्हणजे भूगर्भशास्त्राचे पाठ्यपुस्तक नव्हे, आनंद घेणाऱ्याला घेऊ द्या. आम्ही माहिती मागत नाही, लक्ष मागतो आहोत. कवितेतला एकही शब्द भरतीचा नसावा, असा आग्रह धरणाऱ्यांनी चित्राचा खालचा तिसरा हिस्सा भरताड म्हणून चालवून घ्यावा, हे आम्हांला समजत नाही. छायाकृती ही कलेची रीत आहे, हे मान्य. पण आकार महत्त्वाचा असतो तिथे ती शोभते. शीड, ताड, माणूस यांची ओळख बाह्यरेषेत असते. या खडकाची ओळख त्याच्या पृष्ठभागात आहे.

उपाय अवघड नाही. सूर्य मावळण्यापूर्वी अर्धा तास त्याच्याकडे पाठ करून उभे राहावे. तिरपा प्रकाश खडकावरून सरपटत जातो. प्रत्येक खळगा, भेग आणि पोळ्याचे घर आपापली सावली टाकते. फोटो तेव्हा काढावा. पुढच्या सहलीनंतर विद्यार्थ्यांना निबंध सांगायचाच असेल, तर त्यात सूर्य येणार नाही आणि ‘काळाकभिन्न’ हा शब्द चालणार नाही, एवढ्या दोन अटी घालून पाहाव्यात.