चणे परतणारा मुलगा

रमजानमध्ये आमच्याकडे इफ्तारीचे चणे माझा दहा वर्षांचा मुलगा परततो. भिजवून उकडलेले काळे चणे, कांदा, कोथिंबीर, लिंबू. दहा मिनिटांचं काम. शेजारी धाकटी जुन्या लग्नपत्रिका कापून ईदची कार्डं बनवत असते. ‘मुलाला बायकांची कामं काय लावतोस?’ हा प्रश्न नात्यातल्या बायकाच विचारतात.

हजरत आयेशा (र.) यांनी सांगून ठेवलंय की प्रेषित (स.) घरकामात हातभार लावत, स्वतःचे कपडे शिवत, चपला दुरुस्त करत. दाढीची सुन्नत आपण मुलांना आवर्जून सांगतो. मग ही का विसरतो?

मी चहा करायला शिकलो तो तिशी उलटल्यावर. तोवर आईने एकही रोजा निवांत बसून सोडलेला मला आठवत नाही.