जागा शिल्लक आहेत... पण कधी?

मंडळी, आज जरा वेगळा विषय. शीर्षक वाचून कुणाला यात्रा कंपनीची जाहिरात वाटली असेल तर माफ करा. विषय आहे कॅश. रोकड नव्हे, संगणकातली कॅश. बी.ए. मराठीवाल्या मास्तरने यात तोंड घालावं का, असा प्रश्न काहींना पडेल. पण या कॅशमुळे हातातलं काम सोडून धावत आलेला माणूस रिकामा परत जातो, तेव्हा तो विषय फक्त इंजिनियरांचा राहत नाही, असं माझं मत आहे.

झालं असं. इथे मुलुंडला आमच्या ज्येष्ठांच्या मंडळाचं नेत्रतपासणी शिबिर होतं. जागा चाळीस. मंडळातल्या दोन-तीन नातवंडांनी हौसेने नोंदणीचं पान तयार करून क्लाऊडवर ठेवलं. पहिल्या दिवशी सगळं छान. दुसऱ्या दिवशी गंमत सुरू झाली. एकाच्या फोनवर 'सहा जागा शिल्लक', शेजारी बसलेल्याच्या फोनवर 'नोंदणी पूर्ण'. पान पुन्हा उघडलं की आकडे उलटे! सहा जागा पाहून भांडुपहून एक आजोबा रिक्षा करून थेट शिबिरालाच आले. जागा आदल्या दिवशीच संपलेल्या. मोतीबिंदूमुळे त्यांना धड दिसत नव्हतं, तो आकडा सुनेने वाचून दाखवला होता. तिने वाचला तो बरोबरच होता, फक्त शिळा होता.

माझा भाचा याच क्षेत्रात आहे. त्याने शोध कसा घेतला ते सांगण्यासारखं आहे. आधी सगळ्यांनी आपापले फोन साफ करून पाहिले होते, कारण फोनही पानाची प्रत जपून ठेवतो. उपयोग शून्य. मग भाच्याने पानाच्या तळाशी दोन गोष्टी छापायला लावल्या : हे उत्तर कोणत्या यंत्राने दिलं आणि आकडा मूळ नोंदवहीतून केव्हा वाचला. दहा मिनिटांत चोर सापडला. गर्दी वाढल्यावर क्लाऊडने आपणहून दुसरं यंत्र जोडलं होतं. प्रत्येक यंत्राने आकड्याची स्वतःची प्रत स्वतःच्या स्मरणात ठेवलेली. नोंदणी झाली की ज्या यंत्रावर झाली त्याचीच प्रत पुसली जायची. दुसरं आपलं तासन् तास जुनाच आकडा घोकत बसायचं. शाळेच्या दोन दारांना दोन सूचनाफलक, आणि शिपायाने एकाच फलकावरची सूचना बदलली, तर जे होईल तेच.

उपायही साधाच निघाला. दोन्ही यंत्रांसाठी एकच सामाईक फलक ठेवला. प्रतीचं आयुष्य एका मिनिटावर आणलं. आणि शेवटचं 'नोंदणी करा' बटण दाबल्यावर प्रत न पाहता थेट मूळ वही उघडायची, हा नियम केला.

आता कुणी म्हणेल, मग प्रत ठेवताच कशाला? दर वेळी मूळ वहीच पाहा की! नाही हो. हजार पालक एकाच वेळी कारकुनाकडे निकाल विचारायला आले तर कारकून कोलमडेल, म्हणून निकाल फळ्यावर लावायचा. कॅश म्हणजे तो फळा. आपल्या ब्लॉगर मंडळींना कौतुक वाटेल अशी गोष्ट सांगतो. असे सामाईक फळे सांभाळणारी 'मेमकॅश्ड' नावाची प्रणाली २००३ साली ब्रॅड फिट्झपॅट्रिकने लिहिली, ती 'लाइव्हजर्नल' या ब्लॉगांच्या संकेतस्थळासाठी! वाचक वाढले आणि मूळ वही दमली, म्हणून.

तेव्हा भांडण कॅशशी नाही. भांडण आहे ते तिच्या मुकेपणाशी.

कोविनचे दिवस आठवा. २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चार वाजता १८ ते ४४ वयाच्या लोकांची नोंदणी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी एक कोटीहून जास्त लोकांनी नावं नोंदवली. पुढे मे महिन्यात मुंबईत लशीच्या जागा काही मिनिटांत संपत. त्या काळात इतर ॲप आणि संकेतस्थळांना कोविनकडून जी खुली माहिती मिळे, ती साठवलेली प्रत असून अर्ध्या तासापर्यंत जुनी असू शकते, असं अधिकृतपणे नमूद केलेलं होतं. एवढ्या गर्दीपुढे मूळ यंत्रणा टिकवायची तर प्रत ठेवणं भागच होतं, हे मला मान्य आहे. पण ते वाक्य होतं प्रोग्रामर लोकांच्या कागदपत्रांत. बोरिवलीत किंवा घाटकोपरला फोन हातात धरून बसलेल्या माणसाला ते कोण सांगणार? तो बिचारा स्वतःच्या बोटांना दोष देत राहिला. पाच मिनिटांत संपणाऱ्या जागेची अर्ध्या तासापूर्वीची बातमी म्हणजे कालच्या लोकलचं इंडिकेटर!

आणखी एक भेद महत्त्वाचा. काही गोष्टी फळ्यावर लावायच्याच नसतात. २५ डिसेंबर २०१५ रोजी 'स्टीम' या खेळांच्या दुकानात कॅशचे नियम चुकीचे लागले आणि एकाच्या खात्याचं पान दुसऱ्याला दिसू लागलं. सुमारे ३४ हजार ग्राहकांची माहिती अशी उघडी पडली असावी, असं कंपनीनेच नंतर जाहीर केलं. वर्गाचं वेळापत्रक भिंतीवर लावावं, मुलाचं प्रगतिपुस्तक त्याच्याच हातात द्यावं. हे प्रत्येक मास्तरला कळतं!

आमच्या वेळी वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यात रोज सकाळी तारीख, वार, पट, हजर असं लिहायचं. तारीख न घालता 'हजर ४२' लिहिलं तर मुख्याध्यापक फळ्याकडे बोट दाखवत. रेशनच्या दुकानातल्या फळ्यावरही शिल्लक साठ्याबरोबर तारीख घालतात, दुधाच्या पिशवीवरही छापतात. मग रक्त, खाट, लस, प्रवेश, तिकीट यांचे आकडे दाखवणाऱ्या पडद्यावरच का नको? 'शिल्लक जागा सहा' याऐवजी 'सकाळी १०.४० वाजता शिल्लक जागा सहा' एवढंच लिहा. तीन शब्द जास्त, पण निघायचं की नाही ते वाचणाऱ्याला ठरवता येतं. खर्च जवळजवळ काही नाही. उलट दोष शोधणाऱ्यालाही तीच वेळ उपयोगी पडते, हे आमच्या शिबिरात दिसलंच.

आमच्या मंडळाच्या पानावर आता आकड्याशेजारी वेळ असते. भांडुपच्या आजोबांना पुढच्या शिबिरात पहिला क्रमांक दिला, तो मात्र कागदी वहीत, पेनाने!

तुमच्यापैकी जे सॉफ्टवेअरमध्ये आहेत, आणि आपल्या घरातलीच निम्मी मुलं तिथे आहेत, त्यांना हा लेख जरूर वाचायला द्या. ती एक ओळ घालणं खरंच अवघड असेल, तर का ते मला समजावून सांगा. शिकायची तयारी आहे.