तिथून काय बघतेस?

गेल्या बैठकीत आपल्या मंडळाने ठरवलं की वर्गणीतून उरलेल्या पैशांत एक कॅमेरा घ्यायचा. कामही ठरलेलं आहे. इंदूरच्या जुन्या मराठी घरांतल्या आजी-आजोबांना भेटायचं, त्यांच्या आठवणी लिहून घ्यायच्या आणि प्रत्येकाचा एक तरी नीट फोटो काढायचा, जो या ई-अंकात लागेल आणि पुढे लायब्ररीतही राहील. दोन सेकंडहँड कॅमेरे समोर आहेत आणि दोघांची किंमत जवळजवळ सारखीच सांगितली आहे. एक निकॉन डी७००, २००८ चा व्यावसायिक डीएसएलआर. दुसरा निकॉनचाच कूलपिक्स पी९००, २०१५ चा सुपरझूम. हात वर करायला सांगितलं तेव्हा पी९०० ला ११ मतं पडली, डी७०० ला २. दुसरं मत कोणाचं होतं ते मला अजून कळलेलं नाही. पहिलं माझं.

निर्णय पुढच्या बैठकीत पक्का व्हायचा आहे, म्हणून हे लिहिते आहे. दोन्ही कॅमेरे मी प्रत्येकी दोन-दोन आठवडे वापरायला मागून घेतले होते, तेव्हा नुसत्या पुस्तकी ज्ञानावर बोलत नाहीये.

आधी पी९०० बद्दल, कारण तो खरंच अजब आहे. ८३ पट झूम. म्हणजे समोरची अख्खी खोली मावेल इतक्या रुंद कोनापासून ते २००० मिलिमीटरच्या लेन्सला जेवढं दिसेल तिथपर्यंत, सगळं एकाच न निघणाऱ्या लेन्समध्ये. वजन ९०० ग्रॅमच्या आसपास. (कंपनी याला कॉम्पॅक्ट म्हणते. कोणाच्या खिशात मावतो ते मला दाखवा.) गच्चीवर उभं राहून मी चंद्राचा फोटो काढला तर चंद्रावरचे खड्डे मोजता येतील असे दिसले. घरात सगळ्यांनी तो व्हॉट्सअ‍ॅपवर लावला. खरं सांगायचं तर त्या एका फोटोने आपल्या बैठकीतली निम्मी मतं मिळवली.

सिरपूर तलावावर तर या कॅमेऱ्यापुढे डी७०० ने हातच टेकले. सिरपूर आणि यशवंत सागर ही आपल्या शहराच्या हद्दीतली आणि शेजारची दोन तळी २०२२ मध्ये रामसर यादीत गेली, आणि जानेवारी २०२५ मध्ये इंदूरला उदयपूरबरोबर ‘वेटलँड सिटी’ची मान्यता मिळाली. भारतातली ही पहिली दोनच शहरं. तिथे हिवाळ्यात सकाळी गेलात की पक्षी भरपूर, पण सगळे तुमच्यापासून लांब, आणि लांबच राहावेत हेच बरं. मी काठावर बसून पाण्यापलीकडच्या खुंटावरचा खंड्या पी९०० ने टिपला. त्याच्या चोचीतल्या मासळीचं शेपूटसुद्धा दिसतंय. मग तोच खंड्या डी७०० वर ३०० मिलिमीटरची लेन्स लावून काढला. डी७०० चा पूर्ण फोटो ४२५६ पिक्सेल रुंद असतो. २००० मिलिमीटरला दिसेल तेवढाच तुकडा त्यातून कापायचा तर हातात उरतात साधारण ६४० पिक्सेल. तो खंड्या आहे की निळ्या प्लास्टिकची पिशवी, हे मी सांगते म्हणून तुम्ही मानायचं. बरं, मोठी लेन्स लावायची म्हटलं तर डी७०० च्या काळातली निकॉनची ६०० मिलिमीटरची एफ/४ लेन्सच ५ किलोची. आणि किंमत विचारूच नका.

म्हणजे आपलं मंडळ पक्षिनिरीक्षण मंडळ असतं तर हा लेख इथेच संपला असता.

आता रामबागेतल्या आजींकडे चला. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. जुनं घर, जिन्यालगतची खोली, एकच खिडकी आणि तीही अंगणातल्या झाडाने अर्धी झाकलेली. दुपारी ४ वाजता आत पोथी वाचता येईल इतपतच उजेड. आजी खिडकीशी खुर्चीत बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांना उगाच अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मी दारातच थांबले, पी९०० काढला, झूम केला, चेहरा आणि हात चौकटीत घेतले. आजींनी मान वर केली.

“काय गं, तिथून काय बघतेस? आत ये की.”

मी आत गेले. पण तो दारातला फोटो घरी येऊन लॅपटॉपवर उघडला तेव्हा मला वाईट वाटलं. आजींच्या हातांवरच्या शिरा, बोटांच्या पेरांवरच्या सुरकुत्या, नऊवारीच्या काठाची वीण, सगळं ओल्या कागदावर रंग पसरावा तसं झालेलं. त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही. पी९०० चा सेन्सर साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटरचा आहे, करंगळीच्या नखाहूनही लहान. डी७०० चा ३६ बाय २४. क्षेत्रफळ काढलं तर सुमारे ३० पट फरक येतो. अंगणात पावसात एक परात आणि एक वाटी ठेवा. तितक्याच वेळात परातीत जेवढं पाणी जमेल तेवढं वाटीत कसं जमणार? उन्हात दोन्ही भरून वाहतात, म्हणून फरक कळत नाही. चंद्राचा फोटो छान येतो त्याचं कारणही हेच. आपल्याकडे रात्र असते, पण चंद्राच्या त्या बाजूवर तर लख्ख ऊन पडलेलं असतं.

जिथे उजेडच थेंबथेंब येतो तिथे वाटी तळाशीच राहते. मग कॅमेरा आयएसओ वाढवतो, म्हणजे जमलेला थोडासा उजेड फुगवून दाखवतो. त्याने फोटोत रवाळपणा येतो आणि तो झाकायला कॅमेरा आतल्या आत सगळं पुसून गुळगुळीत करतो. पी९०० फक्त जेपेग देतो, रॉ फाइल देत नाही. त्यामुळे त्याने काय पुसावं आणि काय ठेवावं, यात आपल्याला फारसं काही बोलता येत नाही. आणि त्याने पुसल्या त्या आजींच्या शिरा. ज्यासाठी आपण गेलो होतो नेमक्या त्याच.

पुढच्या आठवड्यात मी डी७०० घेऊन परत गेले, ५० मिलिमीटरची साधी एफ/१.८ लेन्स लावून. या लेन्सला झूम नाही. चेहरा मोठा हवा असेल तर उठून जवळ जायचं, दुसरा इलाज नाही. म्हणून मी आजींच्या समोर पाटावर बसले. तशी बसल्यावर नुसते फोटो काढता येत नाहीत, बोलावं लागतं. पंधरा मिनिटं मीही तांदूळ निवडले. आजी म्हणाल्या, तुमच्या चर्चमध्ये लग्नात नवरी पांढरं का नेसते? आम्ही त्यावर बोललो. मग त्यांनी स्वतःच्या लग्नाचं सांगितलं, आणि ते माझ्या प्रश्नावलीत नव्हतं. त्या सांगताना हसल्या तेव्हा मी बटण दाबलं. तो फोटो १२ मेगापिक्सेलचाच आहे, पी९०० पेक्षा ४ ने कमी. पण हात हातांसारखे दिसतात.

मला म्हणायचं आहे ते एवढंच. झूमने आपली सोय होते, पण ती सोय आपल्याला दारातच उभी करते. खंड्याच्या बाबतीत लांब राहणं हा त्याचा मान आहे. माणसाच्या घरी गेल्यावर दारातून नेम धरणं हे मात्र, मी स्वतः केलंय म्हणून सांगते, थोडं चोरटं वाटतं. पी९०० हातात असला की आपण सगळेच दारात थांबू. वाईट स्वभावामुळे नव्हे, लाजेमुळे. आपल्यातले निम्मे जण तर पहिल्यांदाच अनोळखी घरात जाणार आहेत.

डी७०० सगळीकडे शहाणा आहे असं मात्र समजू नका. ईस्टरच्या आदल्या रात्री आमच्या चर्चमध्ये सगळे दिवे मालवतात. बाहेर अग्नी पेटवतात, त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती लावतात आणि तिच्यावरून एकेकाची लहान मेणबत्ती पेटत जाते. मला हे फोटो कितीतरी वर्षांपासून हवे होते. आयएसओ ६४०० वर डी७०० ने निव्वळ मेणबत्तीच्या उजेडात चेहरे दाखवले. रवाळ आहेत, पण ते चेहरे आहेत. फक्त त्याचं शटर! डीएसएलआरमध्ये प्रत्येक फोटोला आतला आरसा वर उडतो आणि खाली आपटतो. त्या शांततेत तो खटाक् आवाज असा घुमला की पुढच्या बाकावरच्या तीन मावश्यांनी एकदम मागे बघितलं. मी तीन फोटो काढून कॅमेरा बॅगेत टाकला. पी९०० कुजबुजल्याइतकाच आवाज करतो, पण त्या अंधारात त्याला फोकसच सापडला नसता. म्हणजे एकाला दिसतं पण तो गप्प बसत नाही, दुसरा गप्प बसतो पण त्याला दिसत नाही.

बैठकीत कोणीतरी म्हणालं की इतका जुना कॅमेरा घेणं म्हणजे मागे जाणं. हे इंदुरात बसून बोलायचं? ज्यांना पुढे सगळा देश राजा दीनदयाळ म्हणून ओळखू लागला, ते १८६६ मध्ये इथल्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कचेरीत नकाशे आणि अंदाजपत्रकं करायला आले. रुरकीला शिकलेले, गाव मेरठजवळचं सरधना. (तेच सरधना, जिथे बेगम समरूने बांधलेलं चर्च आहे. आमच्या घरी सरधना म्हटलं की आधी ते आठवतं.) १८७४ च्या सुमाराला त्यांनी इथेच कॅमेरा हातात घेतला. ज्यांच्या नावाचं डेली कॉलेज आपल्या शहरात आहे, त्या सर हेन्री डेलींनी त्यांना प्रोत्साहन दिलं. काचेच्या प्लेटा, लाकडी पेटीसारखा कॅमेरा, तिपाई. माणूस मोठा दिसायला हवा तर तिपाई उचलून पुढे न्यायची. त्यांचे फोटो आज संग्रहालयांत आहेत, आणि त्यांतले कपड्यांचे पोत आजही बोटाने चाचपावेत असे वाटतात. प्लेट मोठी होती, साधं गणित आहे. पुन्हा तीच परात.

तरी आक्षेप खोटे नाहीत. डी७०० मध्ये व्हिडिओ नाहीच, अजिबात नाही. आजी-आजोबा बोलताना चित्रित करायचे तर ते मोबाइलवर करावं लागेल, आणि माझं मत आहे की तसंही आवाजासाठी मोबाइल जवळ ठेवणंच बरं. मग फोटोही मोबाइलवरच का नाही, असं एकीने विचारलं. उन्हात चालेल. त्या खोलीत मोबाइलचा सेन्सरही वाटीच आहे, फक्त पुसापुशी जास्त हुशारीने करतो. डी७०० ला सीएफ कार्ड लागतं. जेल रोडवर विचारत फिरले तर एक दुकानदार हसून म्हणाला, “ये तो अब म्यूझियम में मिलेगा, दीदी.” शेवटी मिळालं. शटरचा आकडा ६०,००० च्या वर गेलाय, पण निकॉनने हे शटर १,५०,००० पर्यंत तपासलेलं आहे, आणि आपण वर्षाला किती फोटो काढणार? लेन्ससकट वजन सव्वा किलोच्या आसपास. खांदा दुखतो, हे मान्य. रंगपंचमीच्या गेरीत राजवाड्यावर मात्र मी दोन्ही नेणार नाही. तिथे टँकरने रंग उडवतात. पुढेमागे सरकणाऱ्या झूमच्या नळीत एकदा गुलाल गेला की संपलं, आणि डी७०० ला थोडंफार सीलिंग असलं तरी परीक्षा कशाला घ्या.

नवा असताना डी७०० अमेरिकेत सुमारे ३००० डॉलरना होता आणि तोही नुसता बॉडीचा भाव, लेन्स वेगळी. पी९०० सुमारे ६०० ला, लेन्ससकट. आज दोन्ही एका किमतीला मिळतायत ते एवढ्याचसाठी की जुन्यावर ८३ पट असं काही लिहिलेलं नाही. जो आकडा खोक्यावर छापतात तो आपल्याला आधी दिसतो. सेन्सर केवढा आहे ते खोक्यावर मोठ्या अक्षरांत मी तरी कधी वाचलेलं नाही.

तेव्हा माझी विनंती अशी की पुढच्या बैठकीत आधी हात वर करू नका. मी आजींचे दोन्ही फोटो ए४ आकारात छापून आणणार आहे, दारातला आणि पाटावरचा, कोणता कशाने काढला ते न सांगता. बघा आणि मग मत द्या. सिरपूरचा खंड्यासुद्धा आणते, म्हणजे कोणी मला पक्षपाती म्हणायला नको. तरीही पी९०० ठरला तर मी तोच घेऊन जाईन, फक्त झूम न वापरता.

पाटावरच्या फोटोची एक प्रत आजींना द्यायची आहे. रविवारी मिस्सा झाली की तिकडून सरळ रामबागेत जाणार. पोहे खाल्ल्याशिवाय सोडणार नाही, असं त्यांनी आधीच बजावलंय. आणि यायचं तर “तो आवाज करणारा कॅमेरा” घेऊनच ये म्हणाल्या, कारण शेजारच्या काकूंनाही फोटो काढून हवाय.